वाचक विचारतात: आरओ प्लेट जाड किती घ्यायची?

पाइपलाइनमधला फ्लो दाबून धरायला दोन फ्लँजच्या मधे भोकाची जी प्लेट टाकतात ती रिस्ट्रिक्शन ओरिफिस, प्लांटवर सगळे तिला आरओ प्लेटच म्हणतात. भोक किती मिमीचं हवं यावर सगळे मनापासून डोकं लावतात, पण प्लेटची जाडी मात्र जुन्या ड्रॉइंगवरून उचलली जाते. यावेळी आलेले बहुतेक प्रश्न जाडीचेच आहेत म्हणून हा सगळा भाग त्यालाच दिलाय.

प्रश्न: नमस्कार सर. सहा इंची पाण्याच्या लाइनवर आरओ प्लेट लावायची आहे, ड्रॉप (प्लेटच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) ४० बार, भोक ३० मिमी, मटेरियल ३१६ स्टेनलेस स्टील. एका सप्लायरने ६ मिमी जाडी दाखवलीय, दुसऱ्याने २५ मिमी, आणि दोघंही म्हणतात की हेच आमचं स्टँडर्ड. आमच्या सीनियरनी ब्लाइंड प्लेटचा (लाइन पूर्ण बंद करणारी, भोक नसलेली प्लेट) फॉर्म्युला लावून १३ मिमी काढली. आता मी कुणाचं धरू?

उत्तर: आधी ६ मिमीचा निकाल लावू. हा आकडा बहुतेक फ्लो मोजायच्या ओरिफिस प्लेटच्या टेबलमधून आलाय. मोजायची प्लेट मुद्दाम पातळ ठेवतात, आयएसओ ५१६७ या फ्लो मोजण्याच्या स्टँडर्डप्रमाणे तिची जाडी पाइपच्या आतल्या व्यासाच्या ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. शिवाय तिच्यावर ड्रॉप असतो तो साधारण २५०० मिमी पाण्याच्या कॉलमइतका, म्हणजे पाव बारच्या आसपास. तुमच्याकडे ४० बार आहे, १६० पट. ते टेबल तुमच्या कामाचंच नाही.

आता खरा हिशोब. प्लेट म्हणजे कडेला धरलेली गोल चकती, एका बाजूने जास्त दाब, दुसऱ्या बाजूने कमी, त्यामुळे ती डाउनस्ट्रीमकडे, म्हणजे प्रवाह जातो त्या बाजूला, वाकायला बघते आणि वाकताना जो स्ट्रेस येतो तो मटेरियलच्या अलाउएबलच्या (कोडने ठरवलेली सुरक्षित मर्यादा) आत राहायला हवा, बास, एवढंच. फॉर्म्युला असा येतो:

जाडी = आधाराची त्रिज्या × √(क × दाबाचा फरक ÷ अलाउएबल स्ट्रेस)

दाब मेगापास्कलमध्ये घ्यायचा, ४० बार म्हणजे ४ मेगापास्कल, स्ट्रेसही मेगापास्कलमध्ये, मग त्रिज्या मिमीत टाकली की जाडी मिमीत येते. इथे युनिटची गल्लत फार होते म्हणून मुद्दाम सांगतोय.

सगळी भानगड त्या 'क' मध्ये आहे. प्लेटची कड घट्ट जखडलेली, जराही फिरत नाही असं धरलं आणि प्लेटला भोक नसेल तर क येतो ०.७५. तुमच्या सीनियरनी लावलेला बी३१.३ या प्रोसेस पाइपिंगच्या कोडमधला ब्लाइंडचा फॉर्म्युला हाच, त्यात जो ३ भागिले १६ दिसतो तो ह्याच ०.७५ ला चारने भागून आलाय, कारण तिथे त्रिज्येऐवजी व्यास वापरलाय. आता कड जखडलेली नाही, नुसती टेकलेली आहे असं धरलं तर भोक नसलेल्या प्लेटलाच क जातो १.२४ वर. आणि टेकलेल्या प्लेटच्या मधोमध बारीक भोक पाडलं तर भोकाच्या कडेला स्ट्रेस जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे क २.४८ च्या जवळ. भोक मोठं होत गेलं की तो परत उतरतो कारण दाब घ्यायला प्लेटच कमी उरते: भोक आधाराच्या व्यासाच्या एक पंचमांश असेल तर २.१९, एक तृतीयांशाला १.८८, निम्म्याला १.४४. हे आकडे पॉइसन रेशो (मटेरियल ताणलं की आडवं किती आक्रसतं त्याचं प्रमाण) ०.३ धरून आहेत, स्टीलला चालतात.

तुमच्या केसमध्ये आधाराचा व्यास म्हणून पाइपचा १५० मिमी धरू नका. दाब प्लेटवर गॅस्केटच्या आतल्या कडेपर्यंत पोचतो, म्हणून गॅस्केटचा आतला व्यास घ्यायचा. मी १८० धरतो, तुम्ही तुमच्या गॅस्केटचा मोजून घ्या, जाडी व्यासाच्या सरळ प्रमाणात वाढते त्यामुळे इथली चूक जशीच्या तशी उत्तरात उतरते. ३१६ प्लेटचा अलाउएबल बी३१.३ मध्ये साधारण १५० डिग्रीपर्यंत १३८ मेगापास्कल आहे.

सीनियरचा हिशोब: ९० × √(०.७५ × ४ ÷ १३८), येतात १३.३ मिमी. बरोबर आहे, पण तो भोक नसलेल्या, कड जखडलेल्या प्लेटचा आहे. कड जखडलेलीच ठेवली आणि भोक धरलं तर क साधारण ०.७४ आणि जाडी १३.२, म्हणजे जवळजवळ तेवढीच. कड टेकलेली धरली, क २.२६, तर ९० × √(२.२६ × ४ ÷ १३८) म्हणजे २३ मिमी. आणि ६ मिमीची प्लेट लावली असती तर? सगळ्यात चांगलं गृहीत धरूनसुद्धा स्ट्रेस ६५० मेगापास्कलच्या वर निघतो, ३१६ चं किमान यील्ड, म्हणजे जिथून कायमचं वाकणं सुरू होतं तो स्ट्रेस, आहे २०५. प्लेट पहिल्याच स्टार्टअपला बशीसारखी खोलगट झाली असती.

मग १३.२ की २३? खरं उत्तर कुठेतरी मधे आहे. दोन फ्लँजमध्ये स्पायरल वाउंड गॅस्केट घेऊन पकडलेली प्लेट पूर्ण जखडलेली नसते, गॅस्केट दबतं, प्लेटची कड थोडी फिरते, बोल्टचं टेन्शन दिवसांनी उतरतं. माझं मत स्पष्ट आहे, फ्लँजमधल्या प्लेटला टेकलेली कड धरूनच जाडी काढा. काही मिमी जास्तीच्या स्टीलने कुणाचं काही बिघडत नाही, वाकलेल्या प्लेटने बिघडतं. पाइपमध्ये चहूबाजूंनी फुल पेनिट्रेशन वेल्ड केलेली प्लेट असेल तर जखडलेली धरायला माझी हरकत नाही. म्हणजे तुमच्यासाठी २५ मिमीवाला सप्लायर बरोबर आहे. फक्त त्याला एक विचारा, भोकाचा हिशोब त्याने २५ मिमी जाड प्लेट धरून केलाय का. हे का विचारायचं ते खाली तिसऱ्या प्रश्नात आलंय, ते वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

प्रश्न: डेटाशीटवर नॉर्मल ड्रॉप १२ बार लिहिलाय, लाइनचं डिझाइन प्रेशर ७० बार आहे. प्रोसेसवाले म्हणतात १२ घ्या, मेकॅनिकलवाले म्हणतात ७०. दोघांमध्ये मी अडकलोय.

उत्तर: नॉर्मल ड्रॉप भोकासाठी असतो, जाडीसाठी प्लेटला आयुष्यात एकदा का होईना जो सगळ्यात मोठा फरक सोसावा लागणार आहे तो घ्यायचा. जाडी दाबाच्या वर्गमुळाने वाढते, ७० भागिले १२ चं वर्गमूळ २.४, म्हणजे या वादात जाडी अडीचपट इकडेतिकडे होतेय, हा फरक थोडाथोडका नाही.

स्वतःला एकच प्रश्न विचारा, प्लेटच्या पुढची बाजू रिकामी आणि मागची बाजू पूर्ण दाबाला, असं कधी होऊ शकतं का? स्टार्टअपला वरचा व्हॉल्व्ह उघडला आणि पुढची लाइन अजून भरलेली नाही, तर त्या क्षणी प्लेटवर सगळाच्या सगळा दाब. पंपाच्या मिनिमम फ्लो लाइनमध्ये (पंपातून कमीत कमी फ्लो चालू राहावा म्हणून थोडं पाणी परत फिरवणारी लाइन) पुढे साधी टाकी असते, तिथे पंपाचं शट-ऑफ प्रेशर (फ्लो शून्य असतानाचा दाब) अधिक सक्शनचं जास्तीत जास्त प्रेशर धरा. ब्लोडाऊन लाइनमध्ये (प्लांटमधला गॅस झटपट सोडून द्यायची लाइन) पुढे फ्लेअर हेडर, तिथला दाब जवळजवळ शून्य, मग पूर्ण डिझाइन प्रेशर धरायलाच लागतं. आणि उलटा दाबही बघा, काही लाइनी शटडाऊनमध्ये उलट्या बाजूने प्रेशराइज होतात, तेव्हा प्लेट उलटीकडे वाकते. एरवी याने जाडी बदलत नाही पण बेव्हल असलेल्या, म्हणजे भोक एका बाजूने तिरपं कापलेल्या प्लेटला फरक पडतो.

गॅसमध्ये एक गफलत वारंवार दिसते. फ्लो क्रिटिकल झाला, म्हणजे हवेसारख्या गॅसला पुढचा दाब मागच्या दाबाच्या साधारण ०.५३ पटीखाली गेला, की त्याच्या खालचा ड्रॉप फ्लोच्या हिशोबात धरत नाहीत. ते फ्लोपुरतं ठीक. पण तोच कापलेला ड्रॉप उचलून जाडीच्या फॉर्म्युल्यात टाकतात, ७० च्या जागी ३३ बार, आणि प्लेट हवी त्यापेक्षा ३० टक्के पातळ निघते. प्लेटला क्रिटिकल फ्लो वगैरे काही कळत नाही, तिच्या एका तोंडावर ७० आणि दुसऱ्यावर जवळजवळ काही नाही, एवढंच तिला जाणवतं.

१२ घ्यायला हरकत नाही अशीही केस असते, दोन्ही बाजू कायम एकत्रच भरतात आणि एकत्रच रिकाम्या होतात हे प्रोसेसवाल्यांनी सगळ्या परिस्थिती तपासून लेखी दिलं तर. तोंडी नको.

प्रश्न: पंपाच्या मिनिमम फ्लो लाइनमधली १० मिमी प्लेट वाकली होती म्हणून आम्ही त्याच भोकाची, २५ मिमी, ३० मिमी जाड प्लेट बनवून लावली. आता लाइनमधून ठरल्यापेक्षा जास्त पाणी जातंय. भोक परत मोजलं, २५ च आहे. जाडीने फ्लो बदलतो का?

उत्तर: बदलतो, आणि चांगलाच बदलतो. आजच्या सगळ्या पत्रांत मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण जाडी काढणारा माणूस वेगळा आणि भोक काढणारा वेगळा असला की हे हमखास घडतं.

पातळ प्लेटच्या धारदार कडेवरून पाणी आत शिरतं तेव्हा धार भोकाच्या भिंतीपासून सुटते आणि आक्रसते, तशीच पुढे पाइपमध्ये जाते. त्यामुळे डिस्चार्ज कोएफिशियंट, म्हणजे खरा फ्लो भागिले कागदावरचा आदर्श फ्लो, ०.६१ च्या आसपास असतो. प्लेट जाड झाली की भोक म्हणजे एक छोटी नळीच होते, आक्रसलेली धार बाहेर पडायच्या आधीच पसरून परत भिंतीला चिकटते, आणि कोएफिशियंट ०.८ च्या घरात जातो. तेच भोक, तोच ड्रॉप आणि फ्लो ३० टक्के जास्त. तुमची आधीची प्लेट, जाडी भागिले भोक ०.४, पातळच्या गटात. आताची १.२, पूर्ण जाडच्या गटात. म्हणजे भोक तेच राहिलं तरी आतून वाहणं बदललं.

ही मर्यादा काही रेघ मारून ठरलेली नाही. जाडी भोकाच्या अर्ध्यापेक्षा कमी असेल तर धार सुटलेलीच राहते, एकपट किंवा जास्त झाली की चिकटते, आणि अर्धा ते एक यामधला भाग मला अजिबात आवडत नाही कारण तिथे धार कधी चिकटते कधी सुटते, फ्लो आज एक उद्या दुसरा, वर आवाज. पहिल्या प्रश्नातली २५ मिमी प्लेट आणि ३० मिमी भोक, ०.८३, बरोब्बर ह्याच भागात पडतं. तिथे ०.६१ धरला तर तासाला सुमारे १४० घनमीटर पाणी, ०.८ धरला तर १८०. एवढा फरक पंपाला चालणार आहे का ते आधी ठरवायला हवं.

वाट दोन आहेत. एक, प्लेट जाडच ठेवायची आणि भोक त्या हिशोबाने लहान करायचं. तुमच्या केसमध्ये क्षेत्रफळ ०.६१ भागिले ०.८ पट, म्हणजे भोक २५ चं साधारण २१.८ मिमी. याला नवीन प्लेट लागेल. दोन, अपस्ट्रीमची कड धारदार ठेवून डाउनस्ट्रीमकडून भोकाला ४५ डिग्रीचा बेव्हल द्यायचा आणि सरळ भिंत फक्त पाचसहा मिमी उरू द्यायची. मग पाण्याच्या दृष्टीने प्लेट पातळ, ताकदीच्या दृष्टीने जाड. हे आत्ताच्याच प्लेटवर लेथला करता येईल, पण थांबा, ३० मिमीच्या प्लेटमध्ये २४ मिमी खोल बेव्हल म्हणजे डाउनस्ट्रीम तोंडाला भोक ७३ मिमी उघडणार. आणि स्ट्रेस सगळ्यात जास्त कुठे असतो तर डाउनस्ट्रीम तोंडावर, भोकाच्या आसपास, म्हणजे नेमकं तिथलंच मटेरियल आपण काढतोय. वर दिलेला क अशा प्लेटला जसाच्या तसा लागू पडत नाही. जाडीत भरपूर मार्जिन असेल तर बघा, काठावर असेल तर फायनाइट एलिमेंटवर (कॉम्प्युटरवरचा बारीक स्ट्रेस हिशोब) तपासून घ्या नाहीतर सरळ नवीन भोकाची प्लेट करा. मी तुमच्या जागी असतो तर नवीन प्लेट केली असती.

गॅसवाल्यांसाठी थोडं वेगळं. पातळ धारदार प्लेटमध्ये गॅसचा फ्लो क्रिटिकल रेशोला पक्का अडकत नाही, पुढचा दाब उतरत गेला तर तो हळूहळू वाढतच राहतो, हे कनिंगहॅम यांनी १९५१ मध्येच दाखवलंय. जाड प्लेटमध्ये, जाडी भोकाच्या एकपटीपेक्षा जास्त असली की, तो खरोखर अडकतो आणि कोएफिशियंट ०.८४ च्या आसपास स्थिर राहतो. म्हणून ब्लोडाऊनला जाड प्लेट घ्यायला लागली तर वाईट वाटून घेऊ नका, उलट फ्लोचा अंदाज जास्त भरवशाचा होतो, फक्त भोक त्याच कोएफिशियंटने काढलेलं असलं पाहिजे.

प्रश्न: आमची लाइन मोठी आहे, ६०० मिमी, ड्रॉप फक्त २ बार, भोक ३०० मिमी. एवढ्याशा दाबाला जाडीचा हिशोब करायची गरज आहे का? आम्ही १० मिमी लावणार होतो.

उत्तर: गरज आहे, कारण व्यास मोठा आहे. २ बार ऐकायला कमी वाटतो पण भोकाभोवतीच्या सगळ्या रिंगवर तो एकूण चार टनांच्या वर जोर लावतो. भोक निम्म्या व्यासाचं म्हणून क १.४४, त्रिज्या ३००, दाब ०.२ मेगापास्कल, अलाउएबल १३८, जाडी येते १३.७ मिमी. आधाराचा व्यास मी इथे ६०० च धरलाय, गॅस्केटचा घेतला तर अजून थोडी वाढेल. म्हणजे १० मिमी स्ट्रेसमध्येच नापास.

पण मोठ्या प्लेटला स्ट्रेसवर थांबू नका, किती वाकते तेही काढा. १३.७ मिमीला भोकाची कड सुमारे २.२ मिमी पुढे जाते. प्लेट तुटणार नाही, पण तेवढं वाकलं की कडही फिरते आणि गॅस्केटचा एका बाजूचा दाब सुटायला लागतो, मग गळती, मग बोल्ट आवळा, परत गळती. वाकणं जाडीच्या घनाने कमी होतं, म्हणून २० मिमी केली की तेच ०.७ मिमीवर येतं. मी २० घेतली असती. छोट्या व्यासाच्या, मोठ्या दाबाच्या प्लेटला स्ट्रेस राज्य करतो, मोठ्या व्यासाच्या, कमी दाबाच्या प्लेटला वाकणं. पहिल्या प्रश्नातली प्लेट ४० बारलासुद्धा मिमीचा दहावा भागही वाकत नाही.

प्रश्न: एका भोकाऐवजी खूप छोटी भोकं असलेली प्लेट असेल तर जाडी कशी काढायची?

उत्तर: एकाच मोठ्या भोकाचा क इथे वापरू नका. भोक नसलेली पूर्ण प्लेट धरा, टेकलेली कड, क १.२४, आणि अलाउएबल स्ट्रेसला लिगामेंट एफिशियन्सीने गुणून कमी करा. ती म्हणजे दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर वजा भोकाचा व्यास, भागिले केंद्रांतलं अंतर. पिच ३० आणि भोक २० असेल तर ०.३३, म्हणजे तुमच्याकडे एक तृतीयांशच स्ट्रेस उरला आणि जाडी साधारण १.७ पट झाली. हा सावध हिशोब आहे, जास्त बारीक हवा तर फायनाइट एलिमेंट. आणि भोकं लहान म्हणजे जाडी भागिले भोक हा आकडा पटकन एकच्या वर जातो, तेव्हा कोएफिशियंट जाड प्लेटचाच धरा. गढूळ पाण्याला अशी प्लेट नको, भोकं बुजत गेली की तिच्यावरचा ड्रॉप वाढत जातो आणि हिशोब जागेवर राहत नाही.

प्रश्न: करोजन अलाउन्स (गंजून झिजेल म्हणून दिलेली जास्तीची जाडी) एका बाजूचा घ्यायचा की दोन्ही? आणि तापमानाचं काय?

उत्तर: दोन्ही बाजूंचा. पाइपला आतूनच गंज लागतो, प्लेट दोन्ही तोंडांनी फ्लुइडमध्ये असते. लाइन क्लासमध्ये ३ मिमी लिहिलं असेल आणि प्लेट कार्बन स्टीलची असेल तर काढलेल्या जाडीत ६ मिमी मिळवा. म्हणूनच लाइन कार्बन स्टीलची असली तरी प्लेट बहुतेक वेळा ३०४ किंवा ३१६ ची घेतात, भोकाची कड झिजली की फ्लो गेलाच म्हणून समजा, तिथे अलाउन्स देऊन काही उपयोग नाही. कण असलेल्या किंवा फ्लॅश होणाऱ्या सर्व्हिसला भोकाजवळ स्टेलाइटचं हार्डफेसिंग करतात ते याचसाठी.

तापमान दोन्हीकडून बघायचं. गरम सर्व्हिसला अलाउएबल डिझाइन तापमानाचा वाचा, रूम टेंपरेचरचा १३८ सगळीकडे चिकटवू नका. आणि ब्लोडाऊनमध्ये गॅस एवढ्या मोठ्या ड्रॉपने प्रसरण पावतो की पुढची बाजू खूप थंड होते, मोठा दाब उतरताना शून्याच्या बरीच खाली. तिथे कार्बन स्टीलची प्लेट आणि पुढचा पाइप ठिसूळ व्हायचा धोका असतो, नुसती जाडी वाढवून तो टळत नाही, मटेरियलच बदलायला लागतं.

प्रश्न: हिशोबात ४५ मिमी जाडी येतेय. एवढी जाड प्लेट बसवतात का?

उत्तर: बसवतात. फक्त स्टड लांब घ्यायला लागतात, प्लेटची जाडी अधिक एक जास्तीचं गॅस्केट एवढ्याने, आणि पाइपच्या ड्रॉइंगमध्ये तेवढी जागा आधीच सोडायला हवी. हे विसरलं की साइटवर लोक चेन ब्लॉकने फ्लँज ओढून प्लेट कोंबतात आणि सगळा पाइप ताणात राहतो. अजून एक, जाडी आधाराच्या व्यासाच्या पाचव्या-चौथ्या भागाच्या पुढे गेली की वाकण्याचे हे साधे फॉर्म्युले तितके नेमके राहत नाहीत.

पण ४५ मिमी आली की मी आधी वेगळाच प्रश्न विचारतो, एवढा सगळा ड्रॉप एकाच प्लेटमध्ये का घ्यायचाय? पाणी असेल तर एवढ्या ड्रॉपला भोकाच्या पुढे कॅव्हिटेशन होतं, फुटणारे बुडबुडे प्लेटच्या पुढचा पाइप खातात, प्लेट कितीही जाड केली तरी. ड्रॉप दोन-तीन प्लेटमध्ये वाटला तर प्रत्येकीवरचा दाब कमी, जाडी कमी, आवाज कमी. मात्र वाटलेला ड्रॉप हा चालू स्थितीतला असतो, एका प्लेटमध्ये कचरा अडकला की तिच्यावर जवळजवळ सगळा दाब येऊ शकतो, म्हणून जाडी अगदी काठावर ठेवू नका.

प्रश्न: शटडाऊनमध्ये प्लेट बाहेर काढली तर जाडी कमी पडली होती हे नुसतं बघून कळेल का?

उत्तर: नुसतं बघून कळेलच असं नाही, मोजून कळतं. प्लेट स्वच्छ पुसा, अपस्ट्रीमचं तोंड वर करून सपाट टेबलावर ठेवा, टॅबवर अपस्ट्रीमची खूण असते. त्या तोंडावर व्यासाच्या रेषेत स्ट्रेटएज आडवी ठेवा आणि भोकाच्या कडेपाशी खाली फीलर गेज घालून बघा, मग स्ट्रेटएज फिरवून दोन-तीन दिशांना. मधे फट सापडली, म्हणजे प्लेट डाउनस्ट्रीमकडे कायमची वाकलीय, यील्ड ओलांडलं गेलंय. मोजायच्या प्लेटसाठी आयएसओ ५१६७ मध्ये फटीची मर्यादा आहे, पाइपचा व्यास वजा भोकाचा व्यास, त्याच्या निम्म्याला ०.००५ ने गुणायचं, १५० च्या पाइपला आणि ३० च्या भोकाला ०.३ मिमी पडते. आरओ प्लेटला ती बंधनकारक नाही पण मी तीच मर्यादा वापरतो. सगळ्या दिशांना सारखी फट असेल तर कारण दाब आहे, जाडी वाढवा. एकाच दिशेला असेल तर प्लेट बोल्ट आवळताना वाकडी पकडली गेली असेल, फ्लँजची तोंडं समांतर आहेत का ते आधी तपासा.

वाकलेली प्लेट प्रेसखाली सरळ करून परत लावू नका. भोकाची कड त्यात तिरपी होते आणि पुढच्या वेळी प्लेट आधीपेक्षा लवकर वाकते. नवीन करा, आणि तिच्या टॅबवर भोकाचं माप पंच करता तसंच जाडीही पंच करा, पुढच्या माणसाला ड्रॉइंग शोधत बसायला लागणार नाही.